दौलतला गावाचं नाव आठवेना

थंडी पडली की आमच्या भागातले रस्ते उसाच्या ताब्यात जातात. ट्रॉल्यांमागे तुंबलेल्या गाड्या, रस्त्यावर सांडलेली कांडी आणि ती उचलायला धावणारी पोरं. हा सगळा ऊस आता कारखान्याला जातो. कारखान्याच्या धुरालाही वास असतो, पण तो नाक मुरडायला लावणारा. गेल्या आठवड्यात मात्र भाचीच्या गाडीतून आष्ट्याकडे जाताना एका वळणावर खरा वास आला, उकळत्या रसाचा, गुळावर यायच्या जरा आधीचा. कुणीतरी हौसेनं गुऱ्हाळ लावलं होतं. मी भाचीला म्हटलं, "गाडी थांबव." ती घाबरून म्हणाली, "मावशी, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "बरं वाटतंय, म्हणूनच थांबव."

ऐंशी ओलांडल्यावर औषधाची वेळ लक्षात राहत नाही, पण लढाई संपली त्या वर्षीचा हिवाळा मला दिवसादिवसानं आठवतो. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि आष्ट्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. साताऱ्याहून आलेली, दोन वेण्यांची, कडक इस्त्रीची. सोबत ट्रंकभर कादंबऱ्या आणल्या होत्या. त्या सगळ्या पुण्या-मुंबईच्या, बांधीव, सोनेरी अक्षरांच्या. पुस्तकं लिहिणारी माणसं गोरी, चष्मेवाली आणि पुण्याची असतात, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत आष्ट्याच्या गुऱ्हाळावर मोडली. पिकल्या केसांनी उगाच लाजायचं नाही, म्हणून सांगते, ती मोडली नसती तर मी आयुष्यभर एक आगाऊ बाई राहिले असते. आता निदान अधूनमधूनच असते.

झालं असं की मार्गशीर्ष लागला आणि माझा वर्ग ओस पडला. पट बावीस, हजर सहा. चौकशी केली तर सगळ्या पोरी आपापल्या आयांबरोबर गुऱ्हाळावर. मी छत्री घेतली (ऊन नव्हतं, पण छत्री हातात असली की मास्तरीण वाटते) आणि ओढ्यापलीकडच्या मळ्यात जाऊन पोचले. तिथे बैल चरकाभोवती फिरत होते, एवढ्या मोठ्या काहिलीत रस उकळत होता, वाफेत कुणाचे चेहरे दिसत नव्हते. काहिलीच्या काठावर एक म्हातारा लांब दांड्याचा झारा घेऊन उभा होता. गूळ कधी तयार झाला हे नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखणारा हा माणूस म्हणजे दादूमामा गुळव्या. पंचक्रोशीत त्याच्या हाताचा गूळ नावाजलेला होता. मी पोरींना शाळेत पाठवा म्हणून भाषण सुरू केलं. त्यानं ते संपेपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मास्तरीणबाई, तुमास्नी वाचता येतंय न्हवं?"

"म्हणजे काय?"

"मग ह्ये वाचा. तुमच्या पोरी उद्यापास्नं सकाळी साळंत."

त्यानं पागोट्याच्या घडीतून एक कागद काढला. गुलाबी. सिनेमाच्या जाहिरातीचा असतो तसला, हलका, खरखरीत. आठ पानांचा एक फर्मा, दुमडलेला, कडा न कापलेला. लढाईमुळे कागदाची टंचाई होती, तेव्हा प्रेसमध्ये उरलेल्या तुकड्यांवर छापलं असावं हे उघड होतं. वर नाव होतं, 'गाव विसरलेली पलटण'. लेखकाचं नाव जिथे असायचं तिथे लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात असते तशी एक वेलबुट्टी होती. बस्स. नाव नाही, गाव नाही. बेनामी कागद म्हटला की त्या दिवसांत फौजदार विचारपूस करायचे, म्हणून तो पागोट्यातून प्रवास करत होता. सांगलीला गुळाच्या ढेपा घेऊन जाणारे गाडीवान येताना एखादा फर्मा आणायचे. कडा कापायला चाकू मागितला, तर एका बाईनं ऊस तोडायचा कोयता पुढे केला. त्या कोयत्यानं पान फाडलं नाही, हे माझं त्या दिवसाचं मोठं कर्तृत्व.

शाळा सकाळची करून घेतली आणि मी दुपारच्या आधणाला गुऱ्हाळावर जाऊ लागले. काहिलीत एकदा रस ओतला की गूळ व्हायला अडीच-तीन तास लागतात, त्याला आधण म्हणायचं. एक आधण म्हणजे एक फर्मा वाचून, भांडून, पुन्हा वाचून व्हायचा.

गोष्ट अशी होती. दौलत नावाचा एक शिपाई रानात वाट चुकतो आणि एका भलत्याच पलटणीत जाऊन मिळतो. या पलटणीत सगळ्या लढायांतले शिपाई आहेत. कुणाच्या हातात भाला, कुणाच्या हातात मशीनगन. सगळे आपल्या गावाचं नाव विसरलेले. ज्याला ते आठवेल त्यानं ते मोठ्यानं म्हणायचं, की तो त्याच क्षणी आपल्या दारात उभा. दर प्रकरणात एकेकाला आठवतं आणि तो निघून जातो. दौलतला सगळं आठवतं, वेशीतली चिंच, विहिरीचं पाणी कितव्या पायरीला असतं, बायकोच्या हातातल्या काकणांतलं कुठलं पिचलंय. नाव मात्र आठवत नाही.

हे काय लिहिणं झालं, असं मला पहिल्या फर्म्याला वाटलं. दुसऱ्या फर्म्याला वाटलं, या माणसाला व्याकरण शिकवावं. तिसरा यायला चार दिवस उशीर झाला, तेव्हा मी गाडीवानाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

आणि ऐकणारे! त्यांना कादंबरी ठाऊक नव्हती, पोथी ठाऊक होती. म्हणून त्यांनी पलटणीची पोथीच केली. मी पोचायच्या आधी पाट मांडलेला असायचा. सगळे वहाणा काढून बसायचे. पहिल्या दिवशी नारळ फोडला आणि एका आजीबाईनं गुलाबी कागदाला हळदकुंकू लावलं. मी ओरडणार होते, पण तिचा हात इतका हळू होता की राहून गेलं. पोथीला जसा एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा लागतो, तसा मी वाचायचे आणि दादूमामा अर्थ सांगायचा. मी एक ओळ वाचली की तो चार सांगायचा. "म्हंजे असं बगा, दौलत चिंचंखाली बसलाय म्हनतो. कंच्या चिंचंखाली? आपल्या वेशीतल्याच की." लोक मान डोलवायचे. दौलत नाव आठवायचा प्रयत्न करू लागला की मंडळींना दम निघायचा नाही. "आरं आष्टा म्हन की, गड्या!" "आ, आ… पुडं बोल रं!" एकदा तर चरक हाकणारा गडी कागदाकडे तोंड करून इतका ओरडला की बैल थांबले.

एका दुपारी दौलत जवळजवळ नावापर्यंत आला. दादूमामा झारा विसरून पाटाजवळ येऊन उकिडवा बसला. वास येईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. चाळीस वर्षांत त्याचं आधण कधी लागलं नव्हतं, ते त्या दिवशी करपलं. काळा, कडू गूळ. मळ्याचे मालक तोंडाला येईल ते बोलले. दादूमामा शांतपणे म्हणाला, "मालक, मानूस घराच्या दारात आलता. गुळाकडं कोन बगतंय?"

मालकही दुसऱ्या दिवसापासून ऐकायला बसू लागले.

परवा एक मुलगा आला होता. पुण्याचा, पाठीला पिशवी. त्याच्याकडे गुलाबी पानांच्या झेरॉक्स प्रती होत्या, काळ्या-पांढऱ्या. तो म्हणाला, या वेलबुट्टीवाल्याचे चाहते आता सगळीकडे आहेत, अशा लेखनाला अमुक म्हणतात, तमुक म्हणतात. मी म्हटलं, बाबा, आम्ही त्याला काही म्हणत नव्हतो, आम्ही वाट बघत होतो. चाहते मात्र तेव्हाही होते हं. मोटारीत अनोळखी माणूस शेजारी बसला आणि त्याची बोटं उसात राबलेली वाटली, तर हळूच विचारायचं, "गाव आठवलं का?" तो म्हणाला, "न्हाई अजून," की झाली दोस्ती. मिरजेच्या एका कंपाउंडरनं मला याच ओळखीवर खोकल्याचं औषध फुकट दिलं होतं.

आणि एकदा ती वाट सापडल्यावर काय काय हाती लागलं! सांगलीतल्या एका पानवाल्याकडे टोपलीत असले फर्मे असत. एक निवृत्त हवालदार लिहायचा. त्याच्या रहस्यकथेत खुनी पहिल्याच पानावर गुन्हा कबूल करतो आणि पुढची शंभर पानं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. शिरवळकडच्या एका वैद्यबुवांनी प्रेमकथा लिहिली होती, ती सगळी विहीर सांगते. खंडाळ्याच्या एका विधवा सुईणीची कादंबरी होती, तिच्यात एकही पुरुष बोलत नाही. यांतलं कुणी पुण्याचं नव्हतं. चष्मा असलाच तर दोरीनं बांधलेला. माझ्या ट्रंकेतल्या सोनेरी अक्षरांवर हळूहळू धूळ बसली आणि मला त्याचं फार वाईट वाटलं नाही.

पण मला सांगायचंय ते तानूचं. चुलवणाच्या तोंडाशी बसून जाळात चिपाडं सारणारी एक तरुण बाई होती, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. सगळे पाटाकडे तोंड करून बसायचे, ती जाळाकडे. तिचा नवरा गणपत ब्रह्मदेशात लढाईवर गेला होता. तिकडून माघार झाली त्या साली सरकारी कागद आला, 'बेपत्ता'. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. तीन वर्षं होऊन गेली. त्या हिवाळ्यात सुटलेले शिपाई गावोगाव परतत होते, रोज कुणाच्या तरी दारात पेढे वाटले जात होते. गणपतची आई शेवंतामावशी ताठ बाई. तिनं देवाला तीनदा कौल लावला होता, तिन्ही वेळा फूल उजवीकडून पडलं होतं. "माझा ल्योक जिता हाय," ती म्हणायची, आणि तिच्यापुढे दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. रोज सकाळी मोटारीचा भोंगा वाजला की ती तानूला उठवून वेशीपर्यंत बघायला धाडायची.

संक्रांतीला मुलींच्या शाळेत मी हळदीकुंकू केलं. आमची शिपाईणबाई कुयरी घेऊन एकेकीपुढे जात होती. तानूपुढे आली आणि थांबली. बोट कुंकवात बुडवलेलं तसंच राहिलं. लावावं तर कशाच्या भरवशावर, न लावावं तर कुठल्या तोंडानं? शेवंतामावशी उठली, कुयरी हिसकून घेतली आणि सुनेच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. "बगताय काय? सवाशीन हाय ती." तानूनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, बिचारीला धीर आला. वीस वर्षांच्या मास्तरणीला जे वाटतं ते बहुतेक वेळा तिच्याच मनातलं असतं.

पोथीचं एक फळ असतं. ऐकणाऱ्याला ते लाभतं, आणि पोथी अर्धी सोडली तर बाधतं. शेवंतामावशीनं एक दिवस सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "दौलतला गाव आटवलं, की माझा गणपा आला. ही पोथी माझा चौथा कौल हाय." कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. तिथपासून मात्र मी पुढची ओळ आधी मनात वाचून मगच मोठ्यानं वाचू लागले, कारण हे लिहिणारा माणूस लहरी आहे हे मला कळून चुकलं होतं. दर फर्म्याला एक जण घरी जाई, तसा दुसरा कुणीतरी त्याच्या हातून रानात कायमचा राहून जात होता. फक्त एक फर्मा उरला होता. दौलतला त्यानं मारला तर? या बाईच्या घरात काय होईल?

म्हणून एका रविवारी मी कोळशाच्या धगीवर चालणाऱ्या मोटारीत बसून सांगलीला गेले (पेट्रोल लढाईनं खाल्लं होतं), लेखकाला शोधायला. पानवाल्यानं आधी कानावर हात ठेवले. मी विचारलं, "गाव आठवलं का?" तेव्हा त्यानं मुकाट्यानं गल्ली दाखवली.

लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापणारा लहानसा प्रेस होता. आत खिडकीजवळ पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस उभ्यानं छपाईचे खिळे जुळवत होता, बोटांची टोकं शाईनं काळी. मी म्हटलं, पलटण कुणी लिहिली त्यांना भेटायचंय. तो म्हणाला, "लिवली कुनीच न्हाई, बाई. जुळवली मी." हे कासमभाई. त्यांच्याकडे हस्तलिखित नव्हतं. ते गोष्ट कागदावर लिहीतच नसत. मालकाचं काम आटोपलं की डाव्या हातात खिळे ओळीत बसवायची पट्टी, म्हणजे स्टिक, धरायची आणि केसमधले, म्हणजे खणांच्या लाकडी पेटीतले, खिळे उचलत थेट शिशात गोष्ट सांगायची. आठ पानं छापली की खिळे मोडून पुन्हा केसमध्ये, कारण पुढच्या पानांना तेच लागणार. "कागद घिऊन बसलो की सुचत न्हाई. हातात खिळं आलं की गोष्ट येती," ते म्हणाले. जुळवलेल्या ओळी ठेवायच्या तबकावर, गॅलीवर, शेवटच्या प्रकरणाचं अर्धं पान तयार होतं. मी हळूच वाकून बघितलं. सगळी अक्षरं उलटी! ट्रंकभर कादंबऱ्या वाचलेली मी, मला एक ओळ लागली नाही. कासमभाई हसले.

मी विचारलं, नाव का घालत नाही? खिळे उचलता उचलता ते म्हणाले, "माजा थोरला भाऊ पैल्या लढाईत बसऱ्याला गेलता. आमच्या अम्मानं मरस्तवर त्येचं ताट वाडलं. ह्यी त्येची गोष्ट हाय. माजं नाव कशाला?"

मग मी तानूची सगळी हकिगत सांगितली, कौल, कुंकू, पोथीचं फळ. आणि म्हटलं, "कासमभाई, दौलतला घरी आणा. एवढं कराच."

त्यांनी स्टिक खाली ठेवली. "त्या बाईला इचारलंसा?"

"त्यात विचारायचं काय?" मी म्हणाले.

माझं हे वाक्य मी त्यानंतर साठ वर्षं मनात ऐकत आले आहे. कासमभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. आनतो. शेवटचा फर्मा मी सोता घिऊन येतो. आपलं कुनी वाचताना मी कवा बगितलं न्हाई." मी आनंदानं परत आले. वाटेत मोटार दोनदा बंद पडली, तरी मला काही वाटलं नाही.

गुऱ्हाळ मोडायच्या दिवशी चरकाची पूजा करतात, बैलांना गूळ चारतात. त्या दुपारी चाळीसेक माणसं जमली होती. कासमभाई धुतलेला सदरा घालून आले आणि मागे उसाच्या पाचटावर जाऊन बसले. लेखक म्हणून मी त्यांची ओळख करून दिली, तेव्हा लोकांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे संशयानं बघितलं. दादूमामा म्हणाला, "ह्यो? मला वाटलं मोटा मिशीवाला आसंल." मग उठून त्यांना पाटाजवळ आणून बसवलं आणि द्रोणभर काकवी दिली.

फर्मा या वेळी पिवळा होता. मी कोयत्यानं कडा कापल्या आणि वाचू लागले. पलटणीत आता दौलत एकटाच उरलेला. तो नदीकाठी पाणी प्यायला वाकतो. पाण्यात त्याला आपल्या वेशीचं प्रतिबिंब दिसतं. त्याचे ओठ हलतात…

"म्हनला! म्हनला!" चरकवाला गडी ओरडला. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. शेवंतामावशीनं हात जोडून कपाळाला लावले. मी पान उलटणार, एवढ्यात चुलवणापासून आवाज आला.

"थांबा, बाई."

तानू उठून आली. तीन महिन्यांत ती पाटाजवळ कधी आली नव्हती. हातांना राख, जाळानं चेहरा लाल. ती माझ्याशी बोललीच नाही. कासमभाईंसमोर बसली.

"आवं, त्यो घरला येतोय का?"

"येतोय, ताई."

"तुमी आनलासा, का बाईंनी आनायला लावला?"

कासमभाईंनी माझ्याकडे बघितलं. ते पुरेसं होतं. मी हातातल्या पानाच्या कडा सरळ करू लागले.

"समद्यांस्नी त्यो यायला पायजे," तानू म्हणाली. "त्यो आला, की माझा बी आला म्हनत्याल. मग आनि किती वर्सं? मला कुनी इचारलं न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "तीन वर्सं झाली, मला रडू द्येत न्हाईत. डोळ्यात पानी आलं की म्हनत्यात, आगं, जित्या मानसासाटी रडतीस व्हय? लय झालं ओ. तुमच्या पुस्तकात तरी त्येला मरू द्या. मला येकदा रडू द्या."

शेवंतामावशीचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं आता ती उठून सुनेच्या मुस्काटात देणार.

कासमभाईंनी माझ्या हातातून तो पिवळा कागद घेतला, घडी घातली आणि मांडीखाली ठेवला. मग त्यांनी डावा हात पुढे धरला, स्टिक धरतात तसा, आणि उजव्या हाताची काळी बोटं हवेत एकेक अक्षर उचलू लागली. त्याशिवाय त्यांना गोष्ट येत नव्हती. हळूहळू सांगायला लागले. दौलतला नाव आठवलं नाही. तो दमला होता. नदीच्या कडंला एक झाड होतं, त्याच्याखाली तो आडवा झाला.

"दुखलं का त्येला?" तानूनं विचारलं.

"न्हाई, ताई."

"जवळ कोन हुतं?"

"समदी पलटन हुती. घरला गेलेली बी मागारी आली हुती. येकानं मांडीवर डोकं घ्येतलं. येकानं पानी पाजलं."

"माती दिली?"

"दिली. समद्यांनी मूठ-मूठ."

तेव्हा ती रडली. मी पुष्कळ रडणी ऐकली आहेत, स्वतःचीही. तसं पुन्हा ऐकलं नाही. जमिनीवर दोन्ही हात टेकवून, खाली वाकून, नवऱ्याचं नाव घेऊन. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही; तिनं घेतलं. आणि शेवंतामावशी उठली. मी धास्तावले. ती जाऊन सुनेशेजारी बसली, तिचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "रड बाई. मी बी कवाधरनं थांबलीया." दोघींचं माणूस एकच होतं, आणि त्याच्यासाठी त्या दोघी एकत्र अशा पहिल्यांदाच रडत होत्या. शेवटच्या आधणाकडे दादूमामा पाठ करून उभा होता, झारा हलवत, आणि मधूनमधून पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत.

छापलेल्या फर्म्यांत दौलत घरी येतो. पुण्याच्या त्या मुलाकडे तीच पानं आहेत, आणि त्याला म्हणूनच कोडं पडलंय की आष्ट्याकडची म्हातारी माणसं शेवट निराळा का सांगतात. मी त्याला म्हटलं, दोन्ही कासमभाईंचेच आहेत. एक त्यांनी माझ्यासाठी जुळवला, एक तानूसाठी. चांगला कुठला ते मला विचारू नकोस. माझी अक्कल मी तेव्हा दाखवली आहे.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. गूळ निवायला वाफ्यात ओतून झाला, पोरी गरम गुळाला बोटं लावून फुंकर घालू लागल्या. दादूमामा पाटाजवळ आला. पोथी अर्धी ठेवायची नाही हे त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यानं हात जोडून कासमभाईंना विचारलं, "आन् दुसऱ्या दिशी? त्येच्या बायकूनं काय केलं?"

कासमभाईंची बोटं हवेत थांबली. "त्ये मला ठावं न्हाई, मामा. बायकूचं मी काय जुळवलंच न्हाई."

"मला ठावं हाय," तानू म्हणाली. सासूच्या मांडीवरून तिनं डोकं उचललं नव्हतं. डोळे मिटलेले होते, आणि आवाज बसला होता, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"दुसऱ्या दिशी ती उनं वर येस्तवर निजली. सकाळची मोटार आली, भोंगा वाजला, तरी ती उटली न्हाई."